कुलूप लागणारं घर

चि. भाचीबाईंस,



तुझा नकाशा आणि सोबतची यादी, दोन्ही पोचलं. नकाशा आवडला. पश्चिमेला खोल पडवी घेतलीस हे शहाणपणाचं केलंस. नैर्ऋत्येचा पाऊस आणि मे महिन्यातलं तिरपं ऊन, दोन्ही तिथेच अडेल. माजघरावर तेवढा स्लॅब आणि बाकी सगळं कौलारू, हेही आपल्या दापोली तालुक्याच्या हवेला धरून आहे. यादी मात्र दोनदा वाचावी लागली. आवाजावर लागणारे दिवे, छतातून पडणारा शॉवर, ३ किलोवॉटचं सोलर, सोलर हीटर, फोनवर उघडणारं कुलूप, आणि तळाशी तुझा प्रश्न: "आत्या, यातलं काय घेऊ आणि कुठल्या कंपनीचं?"

कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. ती तुझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण या घराबद्दलची सगळ्यांत मोठी गोष्ट तुमच्या यादीत कुठेच दिसली नाही, ती सांगते. हे घर वर्षातले नऊ-दहा महिने बंद असणार आहे. गणपती, शिमगा, मे महिना आणि अधूनमधून जोडून आलेली सुट्टी, एवढंच तुमचं येणं. दुकानातली वस्तू, तिचं माहितीपत्रक आणि ती विकणारा मुलगा, सगळे रोज माणसं राहतात असं घर डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. कुलपातल्या घराचं तसं नसतं. तिथे पाणी साचून राहतं, बॅटरी मरते, उंदरांना वायरी सापडतात. आणि हे सगळं कळतं ते पुण्याहून दिवसभर गाडी चालवून, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन, रात्री दार उघडल्यावर.

म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचार. घर बंद असताना ही काय करत असेल? आणि बिघडली तर दापोलीहून कोण येऊन दुरुस्त करेल? "कंपनीचा माणूस पुण्याहून येतो" असं उत्तर मिळालं, तर ती वस्तू आपल्या कामाची नाही. मे महिन्यात तो येत नाही, गणपतीत तर फोनही उचलत नाही. त्यालाही गाव आहे, त्याच्याही घरी गणपती असतात.

पैसे कुठे घालायचे याचाही हिशेब यातूनच निघतो. भिंतीत, जमिनीत आणि स्लॅबखाली जे जाणार, त्यावर हात सैल सोड. ते पुन्हा उकरायचं म्हणजे फरशी फोडायची. भिंतीवर जे टांगलं जाणार, ते साधं घे. पंखा पाच मिनिटांत बदलता येतो, पण न्हाणीखालचा पाइप बदलायला गवंडी, प्लंबर, फरशीवाला असे तिघे एका आठवड्यात जुळून यावे लागतात आणि आपल्याकडे ते येत नाहीत. तुमच्या यादीत टांगायच्या वस्तूच फार आहेत.

आता पाणी. यावर मी लांबण लावणार आहे, चहा घेऊन बस.

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी, हे गणित मी वर्गात इतक्या पोरांकडून करून घेतलंय की झोपेतही सांगेन. तुझं छप्पर १,२०० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. नुसत्या छपरावर वर्षाला ३ लाख ३० हजार लिटर पाणी पडतं. आणि तरी एप्रिल संपता संपता आपली विहीर तळ दाखवते. कारण पायाखालचा जांभा. तो सच्छिद्र, त्यामुळे पाणी झटकन आत घेतो आणि तितक्याच झटकन उतारावरून वहाळाला सोडूनही देतो. पुण्यातले लोक तुला सांगतील की पागोळ्यांचं पाणी विहिरीत सोडा, पुनर्भरण करा. करा, त्यात वाईट काही नाही. पण जुलैत विहिरीत सोडलेलं पाणी मे महिन्यात तुमच्यासाठी थांबून राहील, अशी आशा जांभ्याच्या जमिनीत धरू नये. आणि तुम्ही सगळे येणार ते नेमके मे महिन्यात, दहा-दहा माणसांनी, आंब्याला.

तेव्हा या घरातली पहिली मोठी खरेदी म्हणजे जमिनीखालची टाकी. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा खोल एवढ्या टाकीत सुमारे २८,००० लिटर पाणी मावतं. शहरातली घरं माणशी दिवसाला १३५ लिटर धरून आखतात. त्या उधळ्या हिशेबानेही दहा माणसांना हे पाणी वीस दिवस पुरेल. बादलीने आंघोळ केलीत तर महिनाभर सहज. ती भरायला तुझ्या छपरावर २५० मिलिमीटर पाऊस पुरतो, तेवढा आपल्याकडे पावसाळ्याच्या एका जोरदार आठवड्यात पडतो. फक्त ती भरायची पावसाळ्याच्या उत्तरार्धात, छप्पर धुऊन निघाल्यावर. त्यासाठी पन्हळीच्या उतरत्या पाइपाला एक फाटा ठेवायचा. जूनमधलं पाला-शेवाळाचं पाणी त्यातून बाहेर काढायचं आणि नंतर झडप फिरवून टाकीकडे वळवायचं. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. हवेच्या नळीला बारीक जाळी हवी, नाहीतर डास. टाकी सिमेंट काँक्रीटचीच बांधायची आणि आतून पाणीबंद गिलावा करायचा. नुसत्या चिऱ्यांच्या भिंतींची बांधलीत तर पाणी जसं विहिरीतून जातं तसंच टाकीतूनही जाईल.

खर्च ऐकून तुझा नवरा दचकेल. त्याला सांग, तुमच्या मॉड्युलर किचनच्या किमतीच्या आसपास बसेल, आणि ते किचन पाच-सहा पावसाळ्यांत फुगेल. (प्लायवूडची कपाटं बंद घरात, आपल्या दमट हवेत! कडाप्प्याचे कट्टे आणि अॅल्युमिनियमची दारं कर, माझं ऐक.) नळयोजनेचं कनेक्शन घ्यायचंच, पण ते घराला थेट जोडायचं नाही, याच टाकीत सोडायचं. म्हणजे नळ कधी आला नि कधी गेला याची पंचाईत राहत नाही.

तुझा छतातला शॉवर. पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे. १० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब साधारण १ किलो, म्हणजे बाजारात ज्याला १ बार म्हणतात तेवढा. ते मोठ्या ताटाएवढे शॉवर नीट चालायला साधारण एवढा दाब लागतो. तुमची टाकी स्लॅबवर, शॉवरच्या फार तर अडीच मीटर वर. म्हणजे दाब पाव किलो. त्या ताटातून थेंब थेंब गळेल आणि तू मला फोन करशील. दुकानदार म्हणेल, प्रेशर पंप बसवा. तो पंप सतत वीज मागतो, बंद घरात जाम होतो, आणि वीज गेली की डोक्यावर साबण तसाच. त्यापेक्षा जिन्याच्या खोलीवर आणखी चार-पाच फूट उंच कट्टा बांधून टाकी त्यावर ठेव, खाली येणारी मुख्य लाइन एक इंचाऐवजी सव्वा इंची घे, कोपरे कमीत कमी ठेव आणि साधा, छोट्या तोंडाचा शॉवर लाव. अंगावर पाणी पडतं, वीज लागत नाही.

पाइपांबद्दल थोडक्यात: गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी. आणि फरशी लागण्यापूर्वी सगळ्या लाइनीला हातपंपाने दाब देऊन रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काटा जिथल्या तिथे असेल तरच टाइल्सवाल्याला बोलवायचं. प्लंबर म्हणेल, "ताई, गरज नाही, माझ्या हातचं काम आहे." गोड बोलून करून घे.

यानंतरचा विषय तुझ्या यादीत अजिबातच नाही, म्हणजे सांडपाणी. घर बांधणारी शिकलेली माणसं या विषयावर बोलत नाहीत, ते प्लंबरवर सोडून देतात. आपल्याच कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला आणि संडास, मैला, खत यांवर अख्खं आयुष्य वेचलं. त्यांच्या तालुक्याशेजारच्या गावांतही आज लोक कोटी-कोटीचे बंगले बांधतात आणि शोषखड्डा विहिरीला खेटून काढतात. जांभा पाणी सोडतो हे मी वर लिहिलं. तो मैल्याचं पाणीही तसंच सोडतो, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की त्याला विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. शेजारची विहीरही त्यात धर. तुमच्या नकाशात तो गडग्याला लागून दाखवलाय. गडग्यापलीकडे काय आहे ते नकाशावाल्याला पुण्यात बसून कसं कळणार? तिथे माझी विहीर आहे.

सेप्टिक टँक दोन कप्प्यांची बांध आणि अशा जागी, की उपसणारी गाडी रस्त्यावर उभी राहिली तरी तिचा पाइप पोचेल. आपल्या पाखाडीतून गाडी आत येत नाही. तुमच्या वापराला दोन खड्ड्यांचा साधा संडासही उत्तम चालेल: एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा, पहिल्यातल्या मैल्याची दीड-दोन वर्षांत माती होते. वीज नाही, यंत्र नाही, गाडी नाही. पण पावसाळ्यात जिथे जमिनीतलं पाणी खड्ड्याच्या बुडापर्यंत चढतं तिथे तो नको, म्हणून येत्या जुलैत त्या कोपऱ्यात एक चर खणून पाणी किती वर येतं ते मीच बघून ठेवते.

आणि एक काम असं आहे, जे आज केलं नाहीस तर पुढे कधीच होणार नाही. न्हाणीचं व स्वयंपाकघराचं पाणी एका पाइपाने आणि संडासाचं दुसऱ्या पाइपाने घराबाहेर काढ. आपल्या आज्या मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला सोडायच्या, संडास परसाच्या टोकाला असायचा, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. आता सगळं एका भिंतीआड आलं आणि प्लंबर दोन्ही पाइप एकाच चेंबरमध्ये जोडून मोकळा होतो. मग साबणाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जाऊन ती लवकर भरते आणि मे महिन्यात माड तहानलेले राहतात. वेगळ्या पाइपाचा खर्च किरकोळ आहे. ४ इंची पाइपाला दर मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर उतार हवा, हे मात्र जोत्याची उंची ठरवतानाच बघावं लागतं. जोतं बुटकं झालं की उतार मिळत नाही.

बंद घरातला आणखी एक त्रास म्हणजे वास. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं राहतं आणि तेच खालचा वास आणि झुरळं अडवतं. दोन-तीन महिन्यांत ते सुकतं. त्यामुळे ट्रॅप कमीत कमी ठेव. तुझ्या नकाशात बाल्कनी, धुण्याची जागा, पूजेची खोली मिळून मला नऊ जाळ्या दिसल्या. पूजेच्या खोलीत जाळी कशाला? अभिषेकाचं पाणी तांब्यात घेऊन तुळशीला घालता येतं. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल ओतायचं. तेलाचा थर बाष्पीभवन अडवतो.

वीज. इथे मी जरा कडक होणार आहे.

वायरमन आधी वायरिंग करतो आणि मग अर्थिंग कुठे करायचं ते बघतो. तू उलट कर. जांभ्याची जमीन पावसाळ्यात ओलीचिंब असते, तेव्हा अर्थिंगचं मोजमाप झकास येतं. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कोरडी ठणठणीत होते, रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून ते न्हाणीचं पाणी जिथे जाणार त्या केळीच्या आळ्याजवळ घे, दोन वेगळे खड्डे कर, आणि मोजायचं ते मे महिन्यात, मीटर लावून. सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. वायरमनला दोन्ही एकच वाटतात. आरसीसीबीच्या बाजूला विजेच्या लाटा रोखणारं उपकरण बसव, ज्याला ते एसपीडी म्हणतात. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा पडतात तेव्हा वाडीतले टीव्ही आणि राउटर जळतात.

वायर दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार. यात काटकसर नको. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सर्किटांची वाटणी. घर बंद करताना काय चालू राहणार आणि काय मरणार, हे वायरिंगच्या आधी कागदावर लिही. राउटर, कॅमेरा, पडवीतला एक दिवा, माजघरातला हवा खेळवणारा छोटा पंखा, हे एका सर्किटवर. बाकीचं सगळं दुसऱ्यावर, एका मुख्य स्विचच्या आड. निघताना एक खटका खाली केला की झालं. ही वाटणी नंतर करता येत नाही, कारण तेव्हा वायरी प्लास्टरमध्ये गेलेल्या असतात. मी या वाडीत अशी घरं बघते जिथे कॅमेरा चालू राहावा म्हणून गिझरपासून फ्रिजपर्यंत सगळ्या घरात दहा महिने वीज खेळत असते आणि उंदीर तिच्याशी.

प्रत्येक खोलीत एक रिकामी नळी टाकून ठेव, आत ओढतार घालून. पंधरा वर्षांनी भिंतीत काय घालावं लागेल ते तुला माहीत नाही, मलाही नाही. आणि स्विचच्या प्रत्येक डब्यात न्यूट्रल वायर आणून सोड. फोनवर चालणारे स्विच बहुतेक न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. वायरमन वायर वाचवायला ती फक्त प्लगपाशी आणतो. ती आधीच डब्यात असली म्हणजे हौस पुढे कधी करायची असेल तर भिंत फोडायला नको. आज मात्र ते आवाजावरचे दिवे यादीतून काढून टाक. ते इंटरनेटवर विसंबतात, आणि इंटरनेट पावसात जातं. दिव्याला स्विच पुरतो. फोनवर फक्त तीन गोष्टी दिसाव्यात: टाकीत पाणी किती, वीज आहे की नाही, आणि दारात कोण. फोनवरचं कुलूप घ्यायचंच असेल तर किल्लीनेही उघडणारं घे आणि किल्ली माझ्याकडे ठेव.

सोलरवाल्याने तुम्हाला ३ किलोवॉट का सुचवलं ते मी सांगते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे ते वाढत नाही. म्हणून सगळ्यांना ३ सुचवतात. पुण्यात राहत्या घरावर ते रास्तच आहे. पण १ किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॉटची बारा. बंद घरात बारा युनिटांचं करणार काय? ती महावितरणच्या तारेत जातात, बिलात जमा दिसतात, आणि वर्षअखेर उरलेल्या युनिटांचा जो दर मिळतो तो तुम्ही पुण्यात भरता त्याच्या जवळपासही नसतो. शिवाय ३ किलोवॉटला ३० चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते. तुझ्या स्लॅबवर दुपारनंतर माडांची सावली येते, आणि माड तोडायला मी देणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की बिनबॅटरीचं साधं सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, डोक्यावर ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरून धक्का बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा केळशी-आंजर्ल्यापासून इकडे सगळे खांब आडवे झाले आणि कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या काळात तसल्या सोलरचा दिवाही लागला नसता. तुम्हाला हवं ते १ किलोवॉट, हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी. चार पंखे, दिवे, राउटर, फोन एवढं त्यावर निभतं. पंखे बीएलडीसी घे. जुना पंखा ७५ वॉट खातो, हा तिशीच्या आसपास, म्हणजे त्याच बॅटरीवर दुप्पट वेळ वारा. साधी ट्युब्युलर बॅटरी नको. तिला डिस्टिल्ड वॉटर घालायला दर दोन-तीन महिन्यांनी माणूस लागतो. पॅनेलचा सांगाडा गरम बुडवून जस्त चढवलेला घे, समुद्र इथून लांब नाही. आणि तो स्लॅबवर नुसता ठेवलेला नव्हे, बोल्टने धरलेला.

विहिरीवरचा १ अश्वशक्तीचा पंप या इन्व्हर्टरवर सुरू होणार नाही, सुरू होताना तो कितीतरी पट जास्त करंट ओढतो. म्हणून विहिरीवर कप्पी, दोर आणि कळशी राहू दे. सुतार काढून टाकू म्हणेल. तुझ्या पोरांना पाणी शेंदता येत नसेल तर मे महिन्यात शिकवते.

गरम पाणी. सोलर हीटर राहत्या घराला फार चांगला, तुमच्या घराला वाईट. बंद घरात त्याचं पाणी उकळत राहतं किंवा टाकी रिकामी झाली तर काचेच्या नळ्या नुसत्या तापतात. तुम्ही भर दुपारी येणार, पंप सुरू करणार, तापल्या नळीत गार पाणी शिरणार आणि ती तडकणार. गिझर घे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते. वर्षातून दोन-तीन महिन्यांसाठी तेवढी परवडते. मागच्या पडवीत बंबाचीही जागा ठेव. करवंट्या, सोडणं, झावळ्या आपल्याकडे जाळून संपत नाहीत आणि बंबाला सुटे भाग लागत नाहीत.

गोबरगॅस, पवनचक्की वगैरे कोणी सुचवेल. पहिल्याला रोज शेण लागतं आणि दुसऱ्याबद्दल बोलायलाच नको. गॅसच्या सिलिंडरसाठी मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीला जमिनीलगत जाळी ठेव. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरच्या एक्झॉस्टने जात नाही. एसी एका खोलीत पुरे; कौलांखाली, पागोळीलगत दोन्ही बाजूंना जाळीची हवा ठेवलीस तर तोही लागेल की नाही शंका आहे. ही जाळी बंद घराला बुरशीपासून वाचवते, एसी वाचवत नाही.

मिस्त्री तुळशीच्या लग्नानंतर पाया आखायला येतो म्हणालाय. त्याआधी मला नकाशाची एक प्रत मोठी काढून पाठव, आणि तिच्यावर तुझ्या हाताने चार रंगांत चार गोष्टी काढ: येणारं पाणी, न्हाणीचं पाणी, संडासाची लाइन, वीज. पुढे भिंतीला झिरी मारून पाइप बसले की गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्यायचा, शेजारी मोजपट्टी उभी धरून. ते काम माझ्यावर सोड. मी रोज संध्याकाळी फेरी मारतेच. फोटो छापून एक संच मीटरच्या पेटीत ठेवायचा, फोनमध्ये नव्हे. वायरमन कोण घ्यायचा ते मी ठरवलंय. तो वाडीतलाच आहे, हुशार आहे, अर्थिंगचं ऐकत नाही, पण माझ्या वर्गात होता.

तुझी
आत्या

ता. क. वाळवीचं औषध पायाच्या खड्ड्यात आणि जोत्याच्या भरावात, कोबा घालण्यापूर्वीच मारायचं असतं. मिस्त्री ते "मागाहून बघू" म्हणणार. मागाहून फक्त चौकटी बदलता येतात. औषधवाल्याचा नंबर कळव म्हणजे खणती होईल त्याच दिवशी त्याला बोलावते.